शेवटच्या नोझलवर दाब किती?

चाकण किंवा भोसरीतल्या मोठ्या कारखान्यात अग्निशमन यंत्रणा पाहायला गेले की आधी पंपघर दाखवतात. लाखो लिटरची टाकी, विजेवरचा मुख्य पंप, वीज गेली तर सुरू होणारा डिझेल पंप, लाइनमधला दाब टिकवून धरणारा छोटा जॉकी पंप आणि भिंतीवरच्या दाबमापकाचा सात किलोला (दर चौरस सेंटिमीटरला) स्थिरावलेला काटा. तो काटा पाहिला की तपासणाऱ्याचे समाधान होते. पण वाहत नसलेल्या पाण्याचा दाब फार फसवा असतो. व्हॉल्व्ह बंद असताना पाइपलाइनमध्ये सगळीकडे जवळपास सारखाच दाब राहतो. शेवटच्या पेटीतले नोझल जाम झालेले असो, त्यात खडा अडकलेला असो किंवा पेटीत नोझलच नसो, पंपघरातल्या काट्याला त्यातले काही कळत नाही. पाणी वाहायला लागले की मगच पाइपातले घर्षण, अर्धवट उघडणारे व्हॉल्व्ह, गळकी कपलिंग आणि बुजलेली तोंडे आपापला हिस्सा वसूल करतात. म्हणून या पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यातली अग्निसुरक्षा आज पंपाच्या टोकाने मोजली जाते, ती नोझलच्या टोकाने मोजली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. नोझल कोणत्या प्रकारचे आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे आणि ते धरणारा माणूस कोण आहे, हे ठाऊक नसेल तर मागची टाकी आणि पंप यांच्याविषयी खात्रीने काहीच सांगता येत नाही.

हा प्रश्न इथे विशेष तीव्र का, हे समजायला पट्ट्याची घडण पाहावी लागते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, साठच्या दशकात आकुर्डी-पिंपरीत वाहन उद्योग रुजला आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिका अस्तित्वात आली. पुढे पुणे-नाशिक रस्त्याने हाच उद्योग कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, खालुंब्रे, सावरदरी असा पसरत गेला. अग्निशमनाची व्यवस्था मात्र तुकड्यातुकड्यांनी वाढली. महापालिकेच्या हद्दीत महापालिकेचे दल आहे, त्याचे मुख्य केंद्र संत तुकारामनगरला. एमआयडीसीची स्वतःची केंद्रे आहेत, बाहेरच्या गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे (पीएमआरडीए) दल आहे आणि नगरपरिषदांचे बंब वेगळे. मोठ्या आगीला हे सगळे एकमेकांच्या मदतीला धावतात, त्यात काही उणे नाही. अडचण रस्त्यावर आहे. चाकणचा तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक शिफ्ट सुटण्याच्या वेळी कसे असतात ते तिथल्या प्रत्येक कामगाराला माहीत आहे, आणि सायरन वाजला म्हणून कंटेनरला बाजूला व्हायला जागा निर्माण होत नाही. त्यामुळे आगीची पहिली दहा-पंधरा मिनिटे कारखान्याच्या स्वतःच्या हातात असतात. त्या मिनिटांत कामाला येते ते आवारातले हायड्रंट आणि त्याशेजारच्या लाल पेटीतले सामान.

त्या पेटीत साधारणपणे काय असते? पंधरा मीटरचे दोन किंवा तीस मीटरचा एक होज, दोन्ही टोकांना ६३ मिलिमीटरची खटक्याची कपलिंग आणि गनमेटलचा एक आखूड ब्रँच पाइप, ज्याच्या टोकाला २० मिलिमीटरचे नोझल. भारतीय मानक ९०३ मध्ये या कपलिंग, ब्रँच पाइप आणि नोझलची मापे ठरवून दिलेली आहेत. नोझल करते काय, तर दाबाचे वेगात रूपांतर. अग्निशमन शिक्षणात शिकवले जाणारे एक सोपे सूत्र आहे: नोझलच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग, गुणिले दाबाचे वर्गमूळ, आणि त्याचा दोन तृतीयांश केला की मिनिटाला किती लिटर पाणी जाते ते मिळते. २० मिलिमीटरच्या नोझलवर सात किलो दाब असेल तर मिनिटाला सुमारे ७०० लिटर, साडेतीन किलो असेल तर ५००, आणि दाब दोनवर आला तर पावणेचारशेच्या आसपास. दाब निम्मा झाला तरी पाणी निम्मे होत नाही, हे दिलासा देणारे असले तरी धारेचा पल्ला मात्र झपाट्याने घटतो, आणि शेडच्या छताला लागलेल्या आगीला पल्लाच हवा असतो. तीस मीटरचे दोन होज जोडून ७०० लिटर पाणी न्यायचे तर वाटेतच सव्वा किलोहून जास्त दाब खर्च होतो. वर चढवायचे असेल तर दर दहा मीटरला आणखी एक किलो जातो. नोझलच नसेल तर? ६३ मिलिमीटरचे उघडे तोंड भरपूर पाणी सोडते, पण दाब टिकत नाही आणि पाणी माणसाच्या पुढ्यातच पडते. टाकी रिकामी होते, आग तशीच राहते. साडेचार हजार लिटरचा बंबसुद्धा ७०० लिटरच्या धारेला साडेसहा मिनिटांत संपतो. वाया घालवायला पाणी कुणाकडेच नसते.

आता या नोझलच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा विचार करू. पाणी पुढे जाते तितक्याच जोराने नोझल मागे ढकलते. सात किलो दाबाला २० मिलिमीटरच्या नोझलचा हा धक्का सुमारे ४४० न्यूटन, म्हणजे पंचेचाळीस किलो वजनाइतका भरतो. साडेतीन किलो दाबालाही तो बावीस किलोंच्या वर जातो. शिकलेला फायरमन डावा पाय पुढे टाकून, होज बगलेत आवळून, शरीर पुढे झुकवून उभा राहतो आणि त्याच्या पाठीमागे दुसरा माणूस होजचा भार घेतो. पाणी सोडण्यापूर्वी होज पूर्ण उलगडलेला, पीळ नसलेला असतो, आणि ब्रँचवरचा माणूस तयार झाल्यावरच ‘वॉटर ऑन’ म्हटले जाते. व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, बंदही हळूहळूच करायचा, कारण धावते पाणी एकदम अडवले की दाबाचा जबर तडाखा मागे जातो. त्यात होज फाटतो, कपलिंग निसटते, माणूस पडतो. हे सगळे ज्याला शिकवलेले नाही त्याच्या हातात आपण कोणते साधन देतो ते पाहा. आखूड ब्रँच पाइपला बंद करण्याची सोयच नसते. पाणी थांबवायचे, कमी करायचे, जेटचा फवारा करायचा, यातले काहीही नोझल धरणाऱ्याच्या हातात नाही. व्हॉल्व्ह तीस मीटर मागे आहे, मध्ये धूर आहे, आवाज आहे आणि व्हॉल्व्हवरच्या माणसाला पुढचे दिसत नाही. हाताबाहेर गेलेला ब्रँच पाइप जमिनीवर सापासारखा उसळतो आणि त्याचे धातूचे तोंड कुणाच्याही डोक्याला लागू शकते. सर्वांत कमी प्रशिक्षण असलेल्या माणसाला सर्वांत अवघड साधन देण्याची ही पद्धत केवळ स्वस्त म्हणून टिकली आहे. जेट, फवारा आणि बंद या तिन्ही स्थिती असलेला ब्रँच बाजारात मिळतो, भारतीय मानक २८७१ मध्ये युनिव्हर्सल ब्रँच पाइपची नोंद आहे, आणि पंपघराच्या खर्चाशेजारी त्याची किंमत ठेवली तर ती नगण्य आहे. खरेदी विभागाने दर मागवताना नुसते ‘ब्रँच पाइप’ असे न लिहिता ‘बंद करता येणारा’ हे तीन शब्द वाढवावेत, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना आहे.

जेट की फवारा हा प्रश्न आगीच्या स्वभावाशी बांधलेला आहे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेताना जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याची वाफ होताना शोषली जाते. म्हणून थेंब जितके बारीक तितकी उष्णता लवकर ओढली जाते. अमेरिकी तटरक्षक दलातला अनुभव असलेले लॉइड लेमन यांनी १९५० च्या सुमारास बंद जागेतल्या आगीवर फॉग, म्हणजे अगदी बारीक थेंबांचा फवारा, वापरण्याचा जोरदार पुरस्कार केला तो याच आधारावर. पण पाण्याची वाफ सुमारे सतराशे पट फुगते आणि ती कोंडलेल्या जागेत असलेल्या माणसांना भाजते. आत कुणी अडकले असताना आंधळेपणाने फॉग मारता येत नाही. उघड्यावरच्या भंगाराच्या, प्लास्टिकच्या, लाकडाच्या ढिगाऱ्याला उलट जेटच लागतो, कारण ढिगाऱ्याच्या पोटातली धग फवाऱ्याला पोचू देत नाही. गॅस गळतीत व्हॉल्व्ह बंद करायला जाणाऱ्या माणसासमोर रुंद फवाऱ्याची ढाल धरावी लागते. वीज चालू असलेल्या पॅनेलवर पाण्याची सलग धार म्हणजे विजेला नोझलपर्यंत दिलेली वाट. आणि या पट्ट्यात तर पाण्याने बिघडणाऱ्या आगी जागोजागी आहेत. हीट ट्रीटमेंटच्या शेडमधल्या तापलेल्या क्वेंच ऑइलच्या टाकीत जेट मारला तर पाणी तळाशी जाऊन वाफ होते आणि पेटते तेल बाहेर फेकते. सॉल्ट बाथच्या भट्टीत पाणी गेले तर स्फोटच. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा कीस पेटला असेल तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो, आणि साचलेल्या बारीक भुकटीवर जेट मारला तर तिचा ढग उठून तोच पेट घेऊ शकतो. पेंट शॉपमधल्या थिनरला फोम हवा, त्यासाठी वेगळा ब्रँच, फोमचे द्रावण आणि ते ठरलेल्या प्रमाणात ओढणारी नळी लागते. विजेवरच्या वाहनांच्या बॅटरीला मात्र भरपूर आणि दीर्घकाळ पाणीच लागते, कारण तिथे ज्वाळा मारण्यापेक्षा सेल थंड ठेवणे हे काम असते. एकाच आवारात या सगळ्या आगी शक्य असताना प्रत्येक पेटीत तोच एक आखूड ब्रँच टांगणे म्हणजे आवाराचा अभ्यासच न करणे. कोणत्या पेटीत कोणते नोझल आणि कोणत्या शेडमध्ये पाणी अजिबात नाही, हे पेटीच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असले पाहिजे.

देखभालीचा भाग कंटाळवाणा मानला जातो, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. तपासणी जवळ आली की नोझल बाहेरून घासून लखलखीत केले जाते. चमक दिसते, पण काम करते ते आतले भोक आणि त्याची कड. कडेला बारीकसा टवका उडाला तरी धार फुटते आणि पल्ला घटतो. आतून खरडून काढण्यासाठी कानस किंवा तार वापरली तर नुकसान कायमचे होते. भोक झिजून २० चे २१ मिलिमीटर झाले तर पाणी आणि मागचा धक्का दोन्ही दहा टक्क्यांनी वाढतात. बोअरवेलच्या पाण्याचे क्षार फिरत्या नोझलच्या बाहीत साठतात आणि सहा महिने न फिरवलेली बाही हाताने फिरत नाही. उघड्यावरच्या पेटीत कुंभारमाशी मातीचे घर करते, त्याला ब्रँच पाइपचे तोंड फार सोयीचे पडते. हायड्रंटच्या उभ्या पाइपात गंजाचे पापुद्रे आणि खडे साठलेले असतात. म्हणून होज जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंड धुऊन घ्यायचे असते, नाहीतर पहिल्याच मिनिटाला तो खडा नोझलमध्ये जाऊन बसतो. कपलिंगमधला रबरी वॉशर उन्हाने कडक होतो आणि जोडातून कारंजे उडते. हा वॉशर काही रुपयांचा असतो, पण तो बदलायची नोंद क्वचितच दिसते. खटक्याची स्प्रिंग धुळीने अडकली की कपलिंग जोडल्यासारखे वाटते आणि दाब येताच सुटते. तिथे साधे ग्रीस चोपडणेही चुकीचे, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. सिलिकॉनचे वंगण वापरावे. फोम वापरल्यावर नोझल आणि होज स्वच्छ पाण्याने धुतले नाहीत तर चिकट थर वाळून बसतो. गनमेटलच्या कपलिंगला अॅल्युमिनियमचा ब्रँच जोडून ओल्या पेटीत ठेवला तर दोन धातूंमधल्या गंजाने ते एकमेकांत रुतून बसतात. अमेरिकेच्या एनएफपीए १९६२ या मानकाने होज, कपलिंग आणि नोझल यांची देखभाल एकाच दस्तऐवजात बांधली ती याच समजुतीने की या तिघांपैकी एक निकामी तर तिन्ही निकामी.

कायदा याबाबतीत गप्प आहे असे कुणी समजू नये. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३८ ने आग विझवण्याची साधने नुसती ‘पुरवणे’ पुरेसे मानले नाही, ती सांभाळणेही बंधनकारक केले, आणि आगीच्या वेळी काय करायचे याचे पुरेसे शिक्षण सर्व कामगारांना मिळाले पाहिजे असेही म्हटले. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने तर मालक किंवा भोगवटादारावर यंत्रणा सदैव चालू अवस्थेत ठेवण्याची जबाबदारी टाकली आणि दरवर्षी जानेवारीत व जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतला ‘फॉर्म बी’, देणे सक्तीचे केले. वर्षातून दोनदा तपासणी ही चांगली तरतूद आहे. तपासणारा आवारात येऊन नेमके काय करतो, यावर तिचे मोल ठरते. पेट्या मोजणे, पंप सुरू करून पाहणे, काट्याचा फोटो घेणे एवढ्यावर ती भागली, तर शेवटचे नोझल तपासलेच गेले नाही असे समजावे. पंपापासून सर्वांत दूरचा आणि सर्वांत उंचीवरचा हायड्रंट निवडावा, त्याला पेटीतलाच होज आणि पेटीतलेच नोझल जोडावे, पाणी वाहत असताना दाब मोजावा आणि तो आकडा प्रमाणपत्रावर लिहावा. इथे एक बारकावा आहे. दाबमापक नोझलच्या मागे बसवला तर बुजलेल्या नोझलमागेही दाब छान दिसतो, उलट जास्तच दिसतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या धारेत धरायचा पिटो गेज वापरावा, आणि धार सलग निघते की फुटून, हे डोळ्यांनीही पाहावे. राष्ट्रीय इमारत संहितेत शेवटच्या हायड्रंटला साडेतीन किलो दाबाची अपेक्षा आहे. तो वाहत्या पाण्यात मिळतो का, हेच तर तपासायचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आता जमाना स्प्रिंकलरचा आहे, माणसाने धरायच्या नोझलवर एवढा खल कशाला? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला फिलाडेल्फियातला आहे. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी तिथल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर आग लागली. तासन्‌तास मजल्यामागून मजला जळत गेला, तीन फायरमन मरण पावले, आणि शेवटी तिसाव्या मजल्यावरच्या मोजक्या स्प्रिंकलरनी ती अडवली. स्प्रिंकलरच्या बाजूने याहून बोलका पुरावा नाही. पण त्याच आगीत जवानांची होज लाइन का हरली, तेही पाहिले पाहिजे. इमारतीतल्या लँडिंगवरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे जुळवलेले होते. त्यातून मिळणारा दाब चार किलोच्या जेमतेम आसपास होता आणि जवानांची स्वयंचलित फॉग नोझले सात किलोच्या दाबासाठी बनवलेली होती. पाणी होते, पंप होता, माणसे होती, नोझल होते, पण यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. वाहत्या पाण्याची एक चाचणी आधी झाली असती तर हे कळले असते. शिवाय आमच्या पट्ट्यातल्या उघड्या यार्डात, पॅलेटच्या थप्प्यांवर, जुन्या शेडमध्ये स्प्रिंकलर नाहीत, आणि जिथे आहेत तिथेही विझवल्यानंतर धुमसणारे कोपरे माणसालाच नोझल घेऊन शांत करावे लागतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मला तो मनापासून मान्य होण्याच्या जवळ आहे: कामगाराने आग विझवू नये, त्याने बाहेर पडावे. तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी वाढदिवसाच्या केकवरच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा कारखान्यात आग लागली आणि त्याच दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला. पुढे उपचारांदरम्यान तो आकडा वाढला. मरणाऱ्यांत बहुतेक महिला कामगार होत्या. तिथे पेटीत उत्तमोत्तम नोझल असते तरी काही फरक पडला नसता. ज्वलनशील भुकटी पसरलेल्या जागेत माणसांना काही क्षण मिळतात, मिनिटे मिळत नाहीत. त्याच वर्षी ३० ऑगस्टच्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानाला आग लागून आत झोपलेले एकाच कुटुंबातले चौघे गेले. तिथे प्रश्न सुटकेच्या वाटेचा होता. अशा मृत्यूंना नोझलचे उत्तर देणे हा अप्रामाणिकपणा होईल. तिथे परवाना, साठा, दरवाजा आणि जिना हेच विषय आहेत. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘नोझल नको’ असा नाही, ‘कुणाच्या हातात कोणते नोझल’ असा आहे. भिंतीवरच्या होज रीलचे पाच मिलिमीटरचे, बंद करता येणारे नोझल साडेतीन किलो दाबाला मिनिटाला तीसेक लिटर पाणी देते आणि त्याचा धक्का दीड किलोच्या आत असतो. ते एकट्या माणसाला, स्त्री असो वा पुरुष, सहज झेपते, आणि पेटलेल्या कचऱ्याच्या डब्याला किंवा खोक्यांच्या एका थप्पीला पुरते. ते प्रत्येक कामगाराला वापरता आले पाहिजे, आणि पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असेल तोवरच वापरायचे हेही त्याच वेळी शिकवले पाहिजे. ६३ मिलिमीटरची लाइन मात्र प्रत्येक शिफ्टमधल्या नेमलेल्या, सराव केलेल्या चमूनेच धरावी. इथे कंत्राटी कामगारांचा प्रश्न येतो. मॉक ड्रिल बहुधा जनरल शिफ्टमध्ये होते आणि त्यात कायम कर्मचारी पुढे असतात. तिसऱ्या शिफ्टला शेडमध्ये असतात ती सहा-आठ महिन्यांसाठी आलेली मुले. त्यांना पेटीची किल्ली कुठे आहे हेही माहीत नसते. ज्या शिफ्टमध्ये सर्वांत कमी जाणती माणसे असतात, सराव त्या शिफ्टमध्ये व्हायला हवा.

किल्लीचा विषय निघालाच आहे तर चोरीचेही बोलले पाहिजे, कारण पेट्यांना कुलूप त्यापायीच लागते. गनमेटल आणि पितळ वजनावर विकले जाते, म्हणून नोझल आणि कपलिंग गायब होतात. त्यावर सोपा उपाय म्हणून नोझले स्टोअरमध्ये किंवा सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ठेवली जातात. हिशेब जुळतो, पण आगीच्या वेळी पेटी रिकामी असते. स्टेनलेस स्टीलचे किंवा चांगल्या प्रतीच्या संमिश्र प्लास्टिकचे ब्रँच घेणे, काच फोडून उघडायची पेटी ठेवणे आणि सुरक्षा रक्षकाच्या रोजच्या फेरीत पेटी उघडून पाहण्याची सही घेणे, हे उपाय कुलपापेक्षा बरे. प्लास्टिक पडले तर तडकते हे खरे, पण जागेवर असलेले प्लास्टिकचे नोझल स्टोअरमधल्या गनमेटलपेक्षा मी पसंत करेन.

पाण्याचा आक्षेपही टाळण्यासारखा नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नागरिकांना दिवसाआड पाणी मिळते. अशा शहरात चाचणीसाठी मिनिटाला पाचशे लिटर पाणी उडवणे कुणालाही खटकेल. पण पाच मिनिटांच्या चाचणीला अडीच हजार लिटर लागतात, ते बागेत, प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या टाकीत किंवा परत अग्निशमन टाकीत सोडता येतात, आणि अनेक कारखान्यांत सांडपाणी प्रकल्पाचे पाणी असतेच. वर्षात दोनदा पाणी वाहिल्याने लाइनमधला गाळही निघून जातो. पाणी वाचवण्यासाठी चाचणी टाळायची आणि गाळ साचलेल्या लाइनच्या भरवशावर राहायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

परस्परमदतीच्या बाजूने इथली एक जमेची गोष्ट आहे, ती जपली पाहिजे. १९०४ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला लागलेल्या प्रचंड आगीत इतर शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या होजची जोडणी तिथल्या हायड्रंटला बसेना. आपल्याकडे ६३ मिलिमीटरचे खटक्याचे कपलिंग सर्वत्र सारखे आहे. महापालिकेचा होज एमआयडीसीच्या हायड्रंटला बसतो, शेजारच्या कंपनीचा ब्रँच आपल्या होजला लागतो. परदेशी कंपन्यांच्या यंत्रसामग्रीबरोबर कधी वेगळ्या पद्धतीची जोडणी येऊ शकते, जर्मनीत स्टोर्झ जोडणी वापरतात. अशा ठिकाणी अडॅप्टर पेटीतच टांगलेला असावा. बंबावरच्या जवानाला तो शोधत फिरावे लागू नये.

मोठ्या कारखान्यांचे बोलून झाल्यावर उरतो तो पट्ट्याचा सर्वांत अवघड भाग: गाळे, पत्र्याची शेड, भंगाराची गोदामे. चिखली-कुदळवाडीत भंगार गोदामांना वारंवार आगी लागल्या, डिसेंबर २०२४ मध्येही मोठी आग लागली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. ती माणसे आणि तो माल कुठेतरी दुसरीकडे जाणार, आणि तिथेही दोन हजार चौरस फुटांच्या गाळ्याला स्वतंत्र टाकी, पंप आणि हायड्रंट परवडणार नाही. त्यांच्यावर मोठ्या कारखान्याचे नियम लादले तर ते कागद मिळवतील, पाणी मिळवणार नाहीत. गाळ्यांच्या गल्लीला सामाईक हायड्रंट, एमआयडीसीने किंवा महापालिकेने टाकलेली दाबाची लाइन, आणि पन्नास गाळ्यांमागे दोन पेट्या, त्यात बंद करता येणारे ब्रँच, हे शक्य आहे. औद्योगिक भूखंडाचा रस्ता, गटार आणि वीज सामाईक असते, तशी ही लाइनही असू शकते. अडते ते पेट्या सांभाळायच्या कुणी या प्रश्नावर. माझ्या मते ती जबाबदारी लघुउद्योजकांच्या संघटनेकडे लेखी करारानेच द्यावी, देखभाल शुल्क गाळ्याच्या वार्षिक आकारणीत धरावे, आणि जानेवारी-जुलैची चाचणी गाळ्यांतल्याच कामगारांना नोझल हातात देऊन, सर्वांत जवळच्या केंद्रातल्या जवानांच्या देखरेखीखाली व्हावी. त्यामुळे जवानांना त्या गल्लीतले व्हॉल्व्ह, वळणे आणि साठा आधीच ठाऊक होईल, आणि कोणत्या गाळ्यात थिनर आहे, कोणत्या गाळ्यात अॅल्युमिनियमचा कीस, याची यादी बंबात पोचेल.